चंपत खोब्रागडे यांचा अर्ज

सुपेला, भिलाई
सोमवार, ११ जानेवारी १९६०

श्री. चंपत लक्ष्मण खोब्रागडे यांस,
जय भीम.

अडीच वर्षांनी लिहून राहिली. शाळेतल्या भाषेत लिहायले बसली तं अर्जासारखं होते, म्हून घरच्याच बोलीत लिहते. खुशाली विचारत नाई. तुमी इतक्या दिवसांत मले एक ओळ लिहली नाई, तं मी तरी कावून विचारू? फक्त एका गोष्टीचं उत्तर द्या. तुमचा नागपूरच्या मिलचा, बॉयलरच्या कामाचा दाखला कुठी हाये?

तो या घडीले माह्या टेबलाच्या खणात हाये.

मी इथं सुपेल्याच्या बाजारात बाबुलालच्या टायपिंगच्या दुकानात काम करते. राहते चरोद्याले, बाबारावकाकाच्या रेल्वेच्या क्वार्टरमधी. पोलादाच्या कारखान्यात लागायचं म्हून मुलखामुलखाचे लोक दुकानात येतात. कोणी पंजाबचा, कोणी केरळचा, आपल्या भंडाऱ्याकडचे तं रोजचेच. सगळ्याईले इंग्रजी अर्ज पायजे. ते हिंदीत सांगतात, मी इंग्रजीत मांडते. माणूस एकच असते, पण रेल्वेले त्याचा अर्ज वेगळा, ठेकेदाराले वेगळा, कारखान्याले वेगळा. ठेकेदाराले सांगायचं का हा उन्हात उभा राहते. रेल्वेले सांगायचं का सहा वर्षांत याचा एक खाडा नाई. कारखान्याले सांगायचं का यानं मशीन पाहिली हाये, याले मशीनचं भेव नाई. खोटं मी लिहत नाई. मागचं पुढं करते, पुढचं मागं, बस.

आज दुपारी एक माणूस आला. तिशीतला, काळासावळा. बॉयलर अटेंडंटची जाहिरात निघाली हाये, त्याचा अर्ज पायजे म्हणे. रुमालातून घडी केलेला कागद काढला अन् टेबलावर ठेवला. कोपऱ्यावर हळदीचा डाग. तो डाग कसा पडला ते तुमाले माहीत हाये, कागद हवेनं उडू नये म्हून मसाल्याचा डबा मीच त्याच्यावर ठेवत होती.

मी मान खाली घालून विचारलं, "नाव?"

"चंपत लक्ष्मण खोब्रागडे."

"गाव?"

"पवनी. जिल्हा भंडारा."

"लग्न झालं?"

"झालं."

"बायकोचं नाव?"

अर्जात बायकोचं नाव लागत नाई. मी मुद्दाम विचारलं. तो जरासा थांबला, पाठ केलेलं आठवावं तसा.

"शालू," म्हणे. "माहेरी गेली हाये. येईन."

दुकानात मले सगळे टायपिस्ट बाई म्हणतात, माहं नाव त्याले कुठून माहीत असन?  फीत संपली हाये, गुरुवारी या, कागद इथंच राहू द्या, असं सांगून मी त्याले वाटे लावलं. कागद ठेवायचं म्हणताच त्याचं तोंड उतरलं. दाराशी जाऊन तीनदा मागं पाहिलं त्यानं.

आता तुमीच सांगा. एक तं तुमी दाखला विकला. नाई तं यानं चोरला. तिसरी गोष्ट मनात येते ते मी लिहत नाई. उलट टपाली उत्तर पाठवा, अन् तुमच्या स्वतःच्या अक्षरात पाठवा.

शालू


सुपेला
शुक्रवार, १५ जानेवारी

यांस,

सोमवारचं पत्र बुधवारी पोचलं असन. उत्तर नाई.

तो काल आला होता. तुमचा तपकिरी कोट घालून. डाव्या कोपराले मी निळ्या दोऱ्यानं शिवलं होतं, तीच शिवण. मी एकटक पाहत राहिली तं त्यानं हात खिशात घातले. तसंही तो हात खिशातून काढतच नाई. कागद द्यायचा तं दोन बोटांनी देते, चिमटीत धरल्यासारखा. काही तरी लपवून राहिला.

मी त्याले कामाचं विचारलं. म्हटलं कारखान्यातले साहेब विचारतीन, आधी मले सांगा. तं तो घडघड बोलाले लागला. बॉयलरातलं पाणी दाखवणाऱ्या काचेवरून डोळा हलवायचा नाई, कोळसा पातळ अन् सारखा पसरायचा, वाफेचा काटा चढाले लागला का काय करायचं, सगळं. म्हणजे काम त्याले येते. मंग दुसऱ्याचा कागद कावून पायजे?

"बाई, एकतीस तारखेच्या आत अर्ज पोचला पायजे," म्हणे. "ही जागा गेली तं मले दुसरी नाई."

मी म्हटलं, मशीन बिघडली हाये, सोमवारी या.

काकाले सांगितलं. काका म्हणे, "पोलिसात दे, पोरी. उगा आपल्या अंगावर कावून घेतं?" मी गेली नाई. पोलिस आधी मलेच विचारतीन का नवऱ्याले कधी पाहिलं होतं, अन् मंग सगळं सांगावं लागन.

पोलिसात गेली नाई, पण त्याच्या मागं गेली. तुमी हसान. बाजारात अंतर ठेवून चालली. औषधाच्या दुकानात त्यानं डोळ्यांत घालायचं औषध घेतलं, दोन शिश्या. त्याचे डोळे तं चांगले टकटकीत हायेत. तिथून पोस्टात गेला. पार्सलवर पत्ता लिहून राहिला होता तेव्हा मी तिकिटाच्या निमित्तानं बाजूले उभी राहिली. "दुर्गा" लिहलं होतं. खाली पत्ता तुमच्या चाळीचा. खोली नंबर सात. तुमची खोली.

कोण हे दुर्गा?

आता मले ते अक्षर बी समजलं. मागच्या पत्रात मी लिहलं का तुमी एक ओळ लिहली नाई. ते खरं नाई. अठ्ठावन साली दोन पाकिटं आली होती, होळीच्या सुमारास एक अन् उन्हाळ्यात एक. वरचं अक्षर तुमचं नव्हतं. गोल गोल, बाईमाणसानं लिहल्यासारखं. मी म्हटलं, घरात दुसरी आणून बसवली अन् तिच्याच हातानं मले कळवून राहिले. दोन्ही पाकिटं न फोडता पोस्टमनच्या हातात वापस दिली. काल तेच गोल अक्षर त्या पार्सलवर पाहिलं. दुर्गाचं अक्षर या माणसाच्या हातात कसं आलं ते मले उलगडत नाई. पण तुमी दोघंतिघं मिळून काही तरी करून राहिले, इतकं समजते.

मी माहेरी गेली नव्हती. मी कावून गेली ते तुमाले माहीत हाये. टायपिंगची परीक्षा पास झाली त्या दिवशी भर चाळीत मले थापड मारली तुमी. पेढे वाटून राहिली होती मी.

शालू


सुपेला
सोमवार, १८ जानेवारी

तुमाले,

हे पत्र टपालानं येत नाई. गुलाब घेऊन येते, अन् तोच तुमाले वाचून दाखवन. त्याच्यासमोर हे लिहायची मले लाज वाटते, त्याले वाचायची बी वाटन. पण दुसरा मार्ग नाई.

आज तो आला तेव्हा बाबुलाल जेवायले गेला होता. मी दार अर्धं लोटलं, दाखला खणातून काढून हातात धरला अन् म्हटलं, "शालू म्हणजे मी. आता बोला."

तो उभाच राहिला. पळून जाईन असं वाटलं, म्हून मी दाराच्या बाजूले सरकली. तो पळाला नाई. खाली बसला, भिंतीले टेकून, अन् दोन्ही हात खिशातून काढून तोंडावर घेतले. तेव्हा मले त्याचे तळहात दिसले. कातडी ओढल्यासारखी, चकचकीत, बोटं पुरी मिटत नाईत.

"मी गुलाब," म्हणे. "गुलाब सोमाजी रामटेके. चंपतदादाच्या हाताखाली कोळसा टाकत होतो. सहा वर्षं. तुमच्या चाळीत तेव्हा कधी आलो नाई, म्हून तुमी मले पाहिलं नाई."

"चंपत कुठी हायेत?"

"घरी हाये. माह्याच घरी म्हणा, नाई तं त्याच्याच घरी आमी म्हणा. त्याले दिसत नाई, वहिनी."

वहिनी म्हणे मले. मी त्याले म्हटलं, खोटं बोलून राहिला तू. मले राग आला होता, मी अरेतुरेवर आली. तुमाले हे ऐकून वाईट वाटन, पण मले पहिल्यांदा हेच वाटलं का याले कोणी तरी शिकवून पाठवलं. मी म्हटलं, कशावरून?

तं त्यानं सांगितलं. अठ्ठावनचा फेब्रुवारी. सकाळची पाळी. पाण्याची काच फुटली अन् उकळतं पाणी अन् वाफ सरळ तुमच्या तोंडावर. सगळे पळाले. हा आत गेला, हातानं वाफेचे कॉक बंद केले, मंग तुमाले ओढत बाहेर आणलं. "त्या दिवशी काच पुसायची पाळी माही होती," म्हणे. "मले उशीर झाला म्हून दादा पुसायले गेला." इतकं बोलून तो रडला. मले रडू आलं नाई. मी अजून ताडून पाहत होती.

"दोन पत्रं तुमी वापस केली," म्हणे. "थे मी लिहली होती. मजुरांच्या रात्रशाळेत शिकलो मी, अक्षर बाईसारखं हाये म्हून मास्तर हसत."

मी त्याच्यापुढं कागद अन् पेन्सिल ठेवली. म्हटलं, लिही, दुर्गा. त्यानं त्या वाकड्या बोटांत पेन्सिल धरली अन् लिहलं. तेच अक्षर.

"दुर्गा माही बायको हाये," म्हणे. "दादाच्या डोळ्यांत तेच औषध घालते."

मंग मी बी खाली बसली.

दाखल्याचं त्यानं असं सांगितलं. मिलमधी कोळसावाल्याचं नाव वहीत नसते, जॉबर आणते अन् जॉबर काढते. त्याच्याजवळ सहा वर्षांचा एक चिटोरा नाई. तुमी म्हटलं का मले आता या कागदाचा काय उपयोग, तू चंपत खोब्रागडे होऊन जाय. बाप, गाव, जन्मसाल, सगळं त्याच्याकडून पाठ करून घेतलं. अन् बायकोचं विचारलं तं काय सांगायचं, ते बी तुमीच शिकवलं.

"वहिनी भिलाईतच हाये हे दादाले माहीत होतं. म्हणे, शोधू नको. दिसली तं माह्या डोळ्यांचं सांगू नको."

मी विचारलं, "पहिल्या पत्रात अपघाताचं असन. दुसऱ्यात काय होतं?"

"दुसऱ्यात डोळ्यांचं नव्हतं. थापडीचं होतं," म्हणे. "काय होतं थे मी सांगणार नाई. तसं ठरलं हाये आमचं."

आता कामाचं लिहते. या नावानं अर्ज मी टाइप करणार नाई. कारखान्यातून मिलले एक पत्र गेलं का उघडं पडन. मिलमधी सगळ्याईले माहीत हाये चंपत खोब्रागडेचे डोळे गेले. मंग गुलाब जेलात, अन् तुमी बी. हे एक कारण. दुसरं कारण मी लपवत नाई: दुसरा माणूस तुमचं नाव घेऊन रोज माह्यासमोरून कारखान्यात जाईन, ते मले सहन होणार नाई. कोणतं कारण मोठं ते मी ठरवू शकली नाई.

पण त्याचा स्वतःच्या नावाचा अर्ज मी करीन. त्याच्यासाठी तुमचा कागद पायजे. तुमी बॉयलर सांभाळणारे सर्टिफिकेटवाले फायरमन होते. तुमी लिहून द्या का गुलाब सोमाजी रामटेके यानं सहा वर्षं माह्या हाताखाली बॉयलरवर काम केलं, काय काय केलं, अन् त्या सकाळी काय केलं. मराठीत द्या, इंग्रजी मी करते. खाली सही तुमची. बोट धरून करा, वाकडी आली तरी चालन. त्याले गुरुवारी वापस पाठवा.

मी तुमाले सतरा प्रकारचं बोलली या दोन पत्रांत. ते तुमी ऐकलं का नाई, कोणी वाचून दाखवलं, मले माहीत नाई.

शालू


चरोदा
मंगळवार, २ फेब्रुवारी

तुमाले,

तुमचा कागद गुलाबानं आणून दिला. सही ओळ सोडून खाली घसरली हाये, पण "खो"चा काना तसाच लांब काढला तुमी. मी जुन्या दाखल्यावरच्या तुमच्या सहीशी ताडून पाहिली. हसू नका. खात्री केल्याशिवाय आता मले काहीच टाइप करता येत नाई.

त्यानं हे बी सांगितलं का माही पहिली दोन पत्रं तुमच्या उशाखालीच होती. फोडली नव्हती. दुर्गाले वाचता येत नाई, अन् शेजारच्या आनंदराव मास्तरले द्यायले तुमाले धीर झाला नाई. आत काय असन, अन् चाळीत काय पसरन, म्हून. म्हणजे तुमी बी न फोडता ठेवून दिली. मंग आपल्यात फरक काय राहिला?

अर्ज तीस तारखेले दिला. पोस्टात नाई टाकला. काकानं सुट्टी काढली अन् आमी तिघं जाऊन कारखान्याच्या भरतीच्या खिडकीवर शिक्का मारून घेतला.

अर्जाच्या पायी माहं अन् बाबुलालचं वाजलं. मी पहिल्याच ओळीत लिहलं का अर्जदाराजवळ मिलचा दाखला नाई. बाबुलाल डोक्याले हात लावून म्हणे, "अरे बाई, अपनी कमी पहले कौन लिखता है? दुकान का नाम डुबाओगी." मी म्हटलं, त्याईले शेवटी कळणारच हाये, तं आपणच सांगितलेलं बरं. मंग विश्वासानं पुढचं वाचतीन. खाली लिहलं का दाखला कावून नाई. मंग काय काय येते, एकेक काम, त्याच्याच तोंडून जसं निघालं तसं. कारखान्याच्या बॉयलरांचं मी जाहिरातीत वाचलं होतं, त्याले जुळन ते आधी घेतलं. रात्रशाळेचं घेतलं, कारण इथं सूचना वाचता येणारा माणूस पायजे असते. पवनीची शेती, वीटभट्टी, ते सगळं सोडून दिलं. तीन वेळा टाइप केला.

अपघाताचं लिहू नका म्हणे तो. "हात पाहून म्हणतीन, हा काय काम करन?" म्हून तो खिशात हात घालून फिरत होता इतके दिवस. अन् मी समजत होती चोर हाये. मी त्याले म्हटलं, हात मुलाखतीत दिसतीनच. लपवले तं माह्यासारखा संशय त्याईले बी येईन. तेव्हा ते बी लिहलं: बॉयलरची काच फुटली असता अर्जदार जागेवर राहिला. इतकंच. अन् शेवटी, प्रत्यक्ष काम करवून पाहावे ही विनंती.

तुमी गुलाबाजवळ निरोप दिला: शालूले सांग, मले पाहायले येऊ नको.

ते मी ऐकलं. अजून ठरवलं नाई. तुमी मले तुमचं तोंड दाखवायचं नाई म्हून सांगून राहिले, का मी दया करायले येईन म्हून, का खरंच नको हाये म्हून? मले समजत नाई. काही दिवस मी तुमच्यावर सगळ्यात वाईट संशय घेऊन जगली. आता चांगलं मनात आलं तरी त्याच्यावर बी संशयच येते.

शालू


सुपेला
गुरुवार, १४ एप्रिल

तुमाले,

आज आपल्याकडं जयंती. दुकान अर्धा दिवस बंद. बातमी मोठी हाये म्हून लिहते, आनंदराव मास्तरकडून वाचून घेजा. आता लाज धरू नका.

गुलाब लागला. मार्चात बोलावलं होतं. तीन साहेब होते, एक रशियन. सगळ्यात आधी हातच पाहिले. मंग खाली नेलं अन् दोन तास काम करून घेतलं. काल चिठ्ठी आली, आज सकाळीच हजर व्हा म्हून. पण बॉयलर अटेंडंट नाई. खलासी म्हून, हाताखालचा मजूर म्हून घेतलं. सर्टिफिकेटशिवाय त्या जागेवर बसवता येत नाई असा कायदा हाये म्हणे. दोन वर्षं काम करून परीक्षेले बसता येईन.

तो दुकानात आला, चिठ्ठी टेबलावर ठेवली अन् म्हणे, "वहिनी, दादाचा कागद चालवला असता तं आज मी अटेंडंट असतो."

मी म्हटलं, "हो."

त्यानं चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली. मंग म्हणे, "पण सकाळी हजेरीले गुलाब म्हून आवाज दिला. मी पटकन ओ दिली." अन् उठून गेला. त्याचा माह्यावर राग हाये का नाई, मले सांगता येत नाई. थोडा असन. असू द्या, त्याचा हक्क हाये.

दुर्गाले अन् लेकराईले तो पुढच्या आठवड्यात घेऊन येते. तुमचं विचारलं तं म्हणे, दादा पवनीले भावाकडं जातो म्हणते. तुमच्या भावानं दीक्षेच्या वर्षापासून तुमाले दारात उभं केलं नाई. तुमी पवनीले जात नाई, तुमी कुठीच जात नाई, एकटे राहान त्या सात नंबरात. माणसाची हकीकत कशी मांडली का काय लपते, ते मले रोजच पाहावं लागते. मले नका सांगू.

मी रविवारी येऊन राहिली. दुर्गा निघायच्या आधी, म्हून. तुमी नको म्हटलं ते माह्या ध्यानात हाये. मी दया करायले येते का, हे मी स्वतःले दोन महिने विचारून राहिली. उत्तर आलं नाई. काकानं विचारलं, "घेऊन येशीन त्याले?" मी म्हटलं, "माहीत नाई. आधी ऐकून तं घेते."

दुपारची गाडी हाये. तिकीट दोन्हीकडचं काढलं, एकटीचंच. परत येतानाचं दुसरं लागलं तं नागपूरच्या खिडकीवर भेटते.

स्टेशनवर कोणाले पाठवू नका. दुर्गाले सांगजा, जेवण करून ठेवू नको, मी आली का चूल मी पेटवीन. पाण्याले आधण येईपर्यंत मी तोंड उघडणार नाई. तेवढा वेळ तुमचा. त्या थापडीपासून सुरू करा.

शालू